कच्चा टाका आणि दाजींची पावडर

पत्र

मॅडम, नमस्कार. वय ३६. सोलापुरात पूर्व भागात युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. शुगर निघून तीन वर्षं झाली. अंगानं मी पहिल्यापासून बारीक, आता ५४ किलो. सहा महिन्यांत सात किलो उतरलं. गोळ्या दोनाच्या तीन झाल्या तरी एचबीएवनसी, म्हणजे ती तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ११ आलं. मग डॉक्टर बदलले. त्यांनी सी-पेप्टाइड म्हणून एक तपासणी लावली. उपाशीपोटी ०.४ आलं, त्याच वेळची साखर २१२. रिपोर्ट बघून दुसऱ्याच दिवशी इन्सुलिन चालू केलं. आता आमचे दाजी म्हणायलेत, कंपन्या इन्सुलिन बनवताना हे सी-पेप्टाइड काढून टाकतात, म्हणूनच सुई घेणाऱ्यांचे पाय आणि किडनी जाते. त्यांच्या ओळखीतला एक जण सी-पेप्टाइडची पावडर देतो, तीन महिन्यांचा कोर्स १८ हजार. माझ्या पायाला रात्री मुंग्या येतात, आग होते, म्हणून मनात येतं घेऊन बघावं. हे सी-पेप्टाइड म्हणजे नेमकं काय, कचरा का औषध? आणि बायको विचारते, सुई जन्माची का?
– एक कटिंग मास्तर

उत्तर

मास्तर,

पावडर घेऊ नका आणि इन्सुलिन एक वेळसुद्धा चुकवू नका. हे आधी लिहून मोकळी होते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

दाजींचं निम्मं खरं आहे. तुम्ही टोचून घेता त्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं, हे बरोबर. पण अशी निम्मी खरी गोष्टच जास्त महागात पडते, तुमच्या बाबतीत १८ हजारांना. म्हणून जरा मुळापासून सांगते, आणि उदाहरण तुमच्याच धंद्यातलं घेते.

युनिफॉर्मच्या घाऊक कामात कच्चा टाका घालत कोण बसतंय? पण लग्नाचा कोट शिवणारा जुना कारागीर बाही मशीनखाली नेण्याआधी पांढऱ्या दोऱ्यानं ती कच्ची धरतो. बाही फिरू नये, खांद्यावर चुण्या पडू नयेत म्हणून. पक्की शिलाई पडली की तो दोरा दोन्हीकडून कापून ओढून काढतो. शरीरात इन्सुलिन असंच शिवलं जातं.

जठराच्या मागं स्वादुपिंड असतं, दवाखान्यात ज्याला पॅनक्रियाज म्हणतात. त्यातल्या बीटा पेशी आधी ११० अमिनो आम्लांची (प्रथिनं ज्यांची बनतात ते मणी) एकच लांब साखळी बनवतात. पहिली २४ म्हणजे नुसता पत्ता, माल पेशीच्या कुठल्या खोलीत न्यायचा ते सांगणारा. पोचल्यावर ती चिठ्ठी फाडली जाते. उरतात ८६, त्याला प्रोइन्सुलिन म्हणतात. त्याच्या एका टोकाला ३० चा तुकडा, दुसऱ्या टोकाला २१ चा, आणि दोघांना धरून ठेवणारा मधला ३१ चा दुवा. हा दुवा म्हणजे सी-पेप्टाइड. सी म्हणजे कनेक्टिंग, जोडणारा. (तुमचा मापाचा हात, लगेच म्हणाल की हे ८२ च झाले. बाकीचे चार सांध्यांवर दोन-दोन बसलेले असतात, कापताना झडून जातात.) दुव्यामुळं दोन्ही तुकडे समोरासमोर नीट येतात आणि त्यांच्यात गंधकाचे बंध पडतात: दोघांना जोडणारे दोन, आणि २१ च्या तुकड्यात आतल्या आत एक. ही पक्की शिलाई. मग कातरीचं काम करणारी विकरं मधला दुवा कापून वेगळा करतात.

हे कळलं १९६७ मध्ये, शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांच्यामुळं. इन्सुलिन बनवणाऱ्या एका गाठीच्या पेशींमध्ये त्यांना इन्सुलिनपेक्षा मोठा एक रेणू सापडला आणि तोच पुढं कापला जाऊन इन्सुलिन होतं हे दिसलं. त्याआधी मोठं कोडं होतं. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनमधल्या अमिनो आम्लांचा क्रम लावला होता, १९५८ चं नोबेल त्याबद्दलच. त्यात दोन साखळ्या दिसत होत्या. पेशीतल्या एवढ्या गर्दीत दोन सुटे तुकडे एकमेकांना अचूक शोधतात कसे, हे कुणाला सांगता येत नव्हतं. उत्तर निघालं की ते सुटे नसतातच.

कापलेला दोरा जातो कुठं? कोटाबरोबरच, त्याच गाठोड्यात. पेशीतल्या इवल्याशा पिशवीत इन्सुलिन जस्ताबरोबर खडे होऊन बसतं आणि भोवतीच्या पाण्यात सी-पेप्टाइड राहतं. रक्तात साखर चढली की पिशवीचं तोंड उघडतं आणि दोन्ही एकदम बाहेर पडतात, एकास एक.

मग सरळ इन्सुलिनच का मोजत नाहीत? कारण ते हाती लागत नाही. स्वादुपिंडातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं आणि यकृत पहिल्याच फेरीत जवळजवळ निम्मं इन्सुलिन काढून घेतं. उरलेलंही पाच-सहा मिनिटांत निम्म्यावर येतं. सी-पेप्टाइडला यकृत जवळजवळ हात लावत नाही आणि ते निम्म्यावर यायला अर्धा तास घेतं. शिवाय सुई चालू असली की रक्तातलं इन्सुलिन तुमचं किती आणि बाटलीतलं किती, हे वेगळं काढणं अवघड. कारखान्यात बाहेरून तयार कोट आणून लावले तर रॅक भरलेलंच दिसेल. पण संध्याकाळी झाडताना फरशीवर पांढरे दोरे किती निघाले, त्यावरून कळेल की आज इथं शिवले किती. तुमच्या डॉक्टरांनी फरशीवरचे दोरे मोजले.

निघाले मिलिलिटरमागं ०.४ नॅनोग्रॅम, आणि तेही साखर २१२ असताना. या दुसऱ्या आकड्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. साखर ६० असती तर धडधाकट माणसाचंही सी-पेप्टाइड खाली असतं, ऑर्डरच नाही तर शिवणार काय? तुमच्याकडं ऑर्डरचा ढीग पडला होता आणि दोरे चिमूटभर. ढोबळ हिशोब असा, की साखर पुरेशी असताना ०.६ च्या खाली म्हणजे स्वतःचं इन्सुलिन फारच कमी. १.८ च्या वर म्हणजे माल भरपूर निघतोय पण शरीराला तो पुरेसा लागू पडत नाही, हा आपला नेहमीचा टाइप टू. मधला पट्टा धूसर. हे आकडे खाल्ल्यानंतरच्या नमुन्याला जास्त चपखल बसतात, उपाशीपोटी थोडं कमीच येतं. तरी २१२ साखरेला ०.४ म्हणजे कमीच. तुमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सुई लावली ती घाई नव्हती.

मात्र एका आकड्यावर जन्माचा शिक्का मारू नये. साखर महिनोन्‌महिने चढलेली राहिली की बीटा पेशी बधिर होतात, असलेलं बळही दाखवत नाहीत. इन्सुलिननं साखर ताळ्यावर आली की त्यातल्या काही परत कामाला लागतात. म्हणून तीन-चार महिन्यांनी हीच तपासणी पुन्हा करा, या वेळी जेवणानंतर दीड-दोन तासांनी, सोबत त्याच वेळची साखर. क्रिएटिनिनही, म्हणजे मूत्रपिंडांचं काम सांगणारी रक्ततपासणी, बघून घ्या. सी-पेप्टाइडची झाडलोट मूत्रपिंडं करतात. झाडणारा आला नाही तर फरशीवर कालचे दोरेही साठतात आणि आकडा उगाच फुगतो. आणि मुंग्यांसाठी म्हणून नसांच्या गोळ्या घेत असाल तर त्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व आहे का ते पाकिटावर वाचा. काही यंत्रांवर बायोटिनमुळं हा आकडा खोटाच कमी येतो. रक्त द्यायच्या आधी लॅबमध्ये सांगा, ते किती दिवस गोळी थांबवायची ते सांगतील.

बारीक माणसाला टाइप टू होत नाही, असंही धरून चालू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचाच शेजारी-शेजारी उभा राहून काढलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. बांधा बघून प्रकार ठरवायला गेलं की माणूस असा फसतो. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीचा साठा, हे आपल्याकडं घरोघरी.

पण तुमचं वजन झपाट्यानं उतरलंय, गोळ्या लागू पडत नाहीत आणि दोरे कमी निघालेत. अशा वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. एक, जीएडी अँटिबॉडीची तपासणी करायची का. शरीर स्वतःच्याच बीटा पेशी मारत असेल तर ती बहुधा पॉझिटिव्ह येते. मोठ्या वयात हा टाइप वन सावकाश येतो आणि पहिली काही वर्षं टाइप टू म्हणूनच खपून जातो. दोन, स्वादुपिंडात खडे आहेत का हे सोनोग्राफीत बघायचं का; पूर्वी पोटात वारंवार दुखायचं असेल तर तेही सांगा. आपल्या देशात तोही एक प्रकार आहे. तीन, तुमच्या जुन्या तीन गोळ्यांपैकी एखादीच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ आहे का. स्वतःचं इन्सुलिन इतकं कमी असताना त्या गोळीनं साखर फार न चढताही रक्तात आम्ल साठू शकतं. उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, असं एकदम झालं तर रात्र काढू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा. तिसरा प्रश्न आजच फोनवर विचारून टाका.

आता तुमचा मूळ प्रश्न, कचरा का औषध. मी बायोकेमिस्ट्री शिकवायची तेव्हा सी-पेप्टाइड एका ओळीत उरकायची: इन्सुलिन बनताना उरलेला तुकडा. वर्गातली पोरं ‘टाकाऊ’ असं लिहून घ्यायची, आणि मी खोडलं नाही. तसं वाटायला कारणही होतं. निसर्ग ज्या गोष्टीला मोल देतो तिची अक्षरं तो सहसा बदलू देत नाही. डुकराच्या इन्सुलिनमध्ये आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये एका अमिनो आम्लाचा फरक आहे, गाईच्यात तिनाचा. म्हणून तर वर्षानुवर्षं जनावरांच्या इन्सुलिनवर माणसं जगली. सी-पेप्टाइड मात्र प्राण्यागणिक बरंच वेगळं. कच्च्या टाक्याचा दोरा पांढरा असो की पिवळा, कोण बघतंय?

पुढं स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या जॉन वाहरन यांच्या गटानं आमची ती ओळ खोडायला लावली. त्यांनी टाइप वनच्या रुग्णांना शिरेतून सी-पेप्टाइड दिलं. मधुमेहात सुरुवातीला मूत्रपिंड गरजेपेक्षा जास्त जोरानं गाळत असतं. तो जोर कमी झाला. स्नायूंतला रक्तप्रवाह वाढला. १९९७ मध्ये उंदरांवरचं काम आलं: मधुमेही उंदरांत रक्तवाहिन्यांचा आणि नसांचा बिघाड या तुकड्यानं आटोक्यात राहिला. १९९९ मध्ये दिसलं की तो माणसाच्या पेशींच्या पडद्यावर जाऊन चिकटतो. चिकटल्यावर सोडियम-पोटॅशियमचा पंप जोरात चालतो आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड बनतं, ज्यानं वाहिन्या सैल पडतात. टाकाऊ दोऱ्याला हे उद्योग सुचायचं कारण नाही. ते चिकटतं नेमकं कशाला, हे मात्र अजून पक्कं झालेलं नाही. २०१३ मध्ये एका ग्राहीचं (पेशीवरच्या रिसेप्टरचं) नाव पुढं आलं होतं, पण नंतर इतरांना त्याला दुजोरा देता आला नाही.

मग ते औषध म्हणून दिलं का? दिलं, आणि रीतसर दिलं. शरीरात जास्त वेळ टिकेल असं सुधारलेलं सी-पेप्टाइड, टाइप वनचे आणि नसा बिघडलेले २५० रुग्ण, ५२ आठवडे. निकाल २०१६ मध्ये छापून आला. पायाच्या नसेतून संदेश किती वेगानं जातो हे मुख्य मोजमाप होतं, आणि त्यात खऱ्या औषधाचा गट आणि नुसत्या पाण्यासारख्या सुईचा गट यांच्यात फरक निघाला नाही. बोटांना कंपन जाणवण्याची क्षमता सुधारली, पण तेवढ्यावर औषध बाजारात येत नसतं. ते औषध पुढं गेलं नाही.

ती सगळी मंडळी सी-पेप्टाइड टोचत होती, हे नीट लक्षात घ्या. पावडर तोंडानं घ्यायची. ३१ अमिनो आम्लांचा तो तुकडा पोटात गेला की तुरीच्या वरणातल्या प्रथिनाचं जे होतं तेच त्याचं होणार. आतडं त्याचे तुकडे करून पचवून टाकतं. इन्सुलिन गोळीनं न देता टोचून का द्यावं लागतं, तर याचमुळं. त्यामुळं पाकिटात खरोखर सी-पेप्टाइड असेल असं धरलं (मी धरत नाही), तरी १८ हजारांचं वरणच झालं. सोलापुरात त्यापेक्षा बरं वरण मिळतं.

अजून एक बाजू दाजींच्या कानावर घाला. जास्त सी-पेप्टाइड चांगलंच असंही नाही. टाइप टूच्या सुरुवातीला ते रक्तात भरपूर असतं, आणि धमन्यांच्या भिंतीत जिथं खराबी सुरू होते तिथं ते साठलेलं सापडलं आहे. तिथं ते दाह करणाऱ्या पेशींना बोलावतं असं प्रयोगांतून दिसतं. दाजींना स्वतःला टाइप टू असेल आणि तेही ती पावडर घेत असतील तर त्यांनाच विचारा, आधीच फरशीभर दोरे असताना बाजारातून दोरे आणायचे कशाला?

कंपन्या ते काढून टाकतात हा आरोपही उलटा आहे. जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या जुन्या इन्सुलिनमध्ये प्रोइन्सुलिन आणि सी-पेप्टाइडचा अंश राहायचा. अशा अंशांविरुद्ध शरीर अँटिबॉडी बनवायचं, टोचल्या जागी खड्डे पडायचे. १९७० च्या दशकात माल जास्त शुद्ध व्हायला लागला तेव्हा हा त्रास कमी झाला. १९८२ पासून जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन आलं. त्यातून कच्चा टाका काढलेला असतो, कारण कोट तयार झालेला असतो.

मग सुई घेणाऱ्यांचे पाय आणि मूत्रपिंडं जातात ते? जातात ती वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेनं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, जो १९९३ मध्ये संपला, टाइप वनच्या ज्या रुग्णांत थोडं तरी स्वतःचं सी-पेप्टाइड शिल्लक होतं त्यांचे डोळे जास्त चांगले राहिले आणि साखर एकदम खाली जाऊन बेशुद्ध पडण्याचे प्रसंगही कमी आले. हा गुण सी-पेप्टाइडचा, की उरलेल्या बीटा पेशी साखरेला आतूनच थोडा लगाम घालत होत्या त्याचा? माझा कौल पेशींना. पण दोन्ही बाजूंनी विचार केला तरी तुमच्यासाठी काम एकच निघतं: जे ०.४ उरलंय ते जपायचं. साखर आटोक्यात राहिली की उरलेल्या पेशींवरचा ताण उतरतो. त्यांना विसावा देणारी वस्तू तुमच्या घरात आधीच आहे, फ्रिजच्या दारात. (मेमध्ये लाइट गेली की फ्रिज उघडू नका. चालू बाटली लहान डब्यात घालून पाण्याच्या मोठ्या माठात तरंगत ठेवा, बाटलीला पाणी लागू देऊ नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नुसतं फडताळ भरवशाचं नाही.)

पायांचं. गोळ्यांत मेटफॉर्मिन असेलच. तीन वर्षं घेतल्यावर बी-१२ कमी झालेलं असू शकतं आणि त्याच्या मुंग्या अशाच असतात. ती तपासणी पावडरच्या मानानं फुटकळ पैशांत होते. दुसरं म्हणजे एचबीएवनसी ११ वरून भराभर उतरलं की काही जणांची आग पहिले काही आठवडे उलट वाढते. तसं झालं तर इन्सुलिनवर राग काढू नका, डॉक्टरांना सांगा. डोळ्यांचा पडदाही या महिन्यात तपासून घ्या, तीन वर्षांत कुणी बघितला नसेल.

आणि मास्तर, कटिंग टेबलाजवळ तुम्ही अनवाणी उभे राहता ना? मी ज्या ज्या कारखान्यात गेले तिथं सगळे चपला दाराशी काढतात, कापडाला माती लागू नये म्हणून. फरशीवर टाचण्या असतात. मुंग्या येणाऱ्या पायात टाचणी रुतली तर कळेलच असं नाही. माझ्या ओळखीतल्या एका शिंप्याच्या टाचेत ती चार दिवस होती, पायमोज्याला पू लागला तेव्हा बायकोनं बघितली. आत वापरायला कडक तळव्याची वेगळी चप्पल ठेवा आणि रात्री दोन्ही तळवे आरशात बघा. गड्ड्याच्या यात्रेत अनवाणी चालायचा नवस असेल तर तो सिद्धरामेश्वरांच्या पायाशी बसून फेडा, यंदा चालून नको.

वहिनींना सांगा, सुई जन्माची का हे आज मी सांगू शकत नाही, तुमचे डॉक्टरही नाही. जीएडी पॉझिटिव्ह आली तर जन्माचीच, त्याची मनाची तयारी ठेवा. निगेटिव्ह आली आणि तीन-चार महिन्यांनी दोरे वाढले, तर सुया कमी होऊ शकतात, क्वचित सुटतातही. तोवर कमी-जास्त करायचं ते डॉक्टरांनी, तुम्ही किंवा दाजींनी नाही.

पुढच्या पत्रात एवढंच लिहून पाठवा: जीएडी, क्रिएटिनिन, बी-१२ आणि दुसऱ्यांदा केलेलं सी-पेप्टाइड. सी-पेप्टाइडच्या शेजारी त्याच वेळची साखर लिहायला विसरू नका, नाहीतर मला परत विचारावं लागेल.